उपकरणांची हजेरीवही

रोह्याहून कोकण रेल्वेने दक्षिणेकडे निघाले, की कोलाड, इंदापूर, माणगाव, गोरेगाव रोड ही स्थानके मागे टाकून गाडी वीरला येते. महाडला जाणारे बरेच प्रवासी येथे उतरतात. रोहे ते वीर हा मार्ग १९९३ साली सुरू झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण कोकण रेल्वे वाहतुकीस खुली झाली. वीरच्या उत्तरेला, माणगावच्या बाजूस, गाडी काळ नदी ओलांडते. दक्षिणेला, वीर आणि सापे वामणे या स्थानकांच्या दरम्यान, सावित्री नदी ओलांडते.

सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. एवढ्या उंचीवरून थोड्या अंतरात उतरणारी ही नदी मुसळधार पावसात फार लवकर फुगते. त्याच वेळी खाडीत भरती असेल, तर पाण्याचा निचरा रेंगाळतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरील जुना पूल पुरात वाहून गेला आणि दोन एस. टी. गाड्यांसह काही वाहने नदीत पडली. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले. या भागात नदीची पातळी किती आहे, हे वेळेवर कळणे हा जीवनमरणाचा प्रश्न आहे.

कोकण रेल्वेने पावसाळ्यासाठी केलेल्या व्यवस्थेत म्हणूनच तीन ठिकाणी पुलांवर पूरसूचक यंत्रणा आहे. माणगाव व वीर यांच्यामधील काळ नदीचा पूल, वीर व सापे वामणे यांच्यामधील सावित्रीचा पूल आणि चिपळूण व कामथे यांच्यामधील वाशिष्ठीचा पूल ही ती ठिकाणे. पाणी धोक्याच्या पातळीवर गेले, की अधिकाऱ्यांना सूचना मिळते. याशिवाय माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली, मडगाव, कारवार, भटकळ व उडुपी या नऊ स्थानकांवर स्वयंनोंदी पर्जन्यमापक आहेत. रत्नागिरीजवळचा पानवल पूल आणि मांडवी, झुआरी व शरावती या नद्यांवरील पूल येथे वाऱ्याचा वेग मोजणारी उपकरणे आहेत.

‘स्वयंनोंदी’ हा शब्द नीट पाहा. मोजणे हे एक काम आणि नोंद करणे हे दुसरे. रात्री दोन वाजता कोसळत्या पावसात उपकरण पातळी मोजते खरे, पण तो आकडा दूरच्या संगणकापर्यंत कसा पोहोचतो? संगणक तो कसा लिहून ठेवतो? आणि लिहिलेल्या आकड्यावर आपण विश्वास का ठेवावा? हे प्रश्न पुलावरच्या उपकरणापुरते नाहीत. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत टाक्यांचे तापमान, नळातील दाब, वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण अशा राशी मोजणारी उपकरणे असतात. त्यांच्या नोंदींनाही हेच नियम लागू पडतात. ते नियम आपण क्रमाने पाहू.

एका तारेवरून आकडा कसा जातो?

संगणकाला ० आणि १ हे दोनच अंक कळतात, हे तुम्ही वाचले असेल. अशा प्रत्येक अंकाला बिट म्हणतात. आठ बिट मिळून एक बाइट होतो. आठ बिट एकदम पाठवायचे तर आठ तारा लागतील. लांबच्या उपकरणासाठी एवढ्या तारा ओढणे महाग आणि कटकटीचे. म्हणून बिट एकामागून एक, एकाच तारेवरून पाठवतात. अरुंद साकवावरून माणसे एकेरी रांगेने जातात, तसे. या पद्धतीला क्रमिक किंवा सिरियल पद्धत म्हणतात.

‘४’ हा अंक घ्या. संगणकांच्या सर्वमान्य संकेतानुसार त्याचा क्रमांक ५२ आहे. ५२ म्हणजे ३२ + १६ + ४, म्हणून द्विमान पद्धतीत तो ००११०१०० असा लिहितात. यातील शेवटचे चार बिट पाहा. ०१०० म्हणजेच ४! ० ते ९ या सर्व अंकांच्या संकेतात अशीच सोय केलेली आहे.

तार स्वस्थ असते तेव्हा तिच्यावर सतत १ असतो. उपकरणाला बोलायचे असले, की ते आधी एक ० पाठवते. हा आरंभ बिट. ‘सावध, मी सांगतो आहे’ असा त्याचा अर्थ. त्यानंतर आठ बिट जातात, पण उलट्या क्रमाने, म्हणजे सर्वांत कमी किमतीचा बिट प्रथम. ‘४’ साठी ते ०,०,१,०,१,१,०,० असे जातील. शेवटी एक १ जातो. तो अंत बिट. अशा रीतीने एका अक्षरासाठी दहा बिट खर्ची पडतात.

दोन बिटांमध्ये रेघ मारलेली नसते. मग एक बिट संपून दुसरा सुरू झाला, हे ऐकणाऱ्याला कसे कळते? केवळ वेळेवरून! बोलणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने वेग आधीच ठरवलेला असतो. या वेगाला बॉड असे एकक आहे. एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्र अभियंत्याच्या नावावरून ते पडले. ९६०० बॉड हा नेहमीचा वेग. या वेगाने एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा सुमारे दहा हजारावा भाग टिकतो आणि सेकंदाला ९६० अक्षरे जातात.

ऐकणारा आरंभ बिटाची सुरुवात पकडतो आणि तेथून आपल्या घड्याळाने मोजत प्रत्येक बिटाच्या मध्यभागी तारेकडे पाहतो. शेवटच्या बिटाचा मध्य आरंभापासून साडेनऊ बिटांवर येतो. तोपर्यंत त्याचे घड्याळ अर्ध्या बिटाहून अधिक चुकता कामा नये. अर्धा भागिले साडेनऊ म्हणजे सुमारे पाच शतांश. दोन्ही घड्याळांत शेकडा पाचाहून अधिक फरक पडला, की गोंधळ झालाच म्हणून समजा. प्रत्येक अक्षराच्या आरंभी घड्याळ नव्याने जुळवले जाते, म्हणून एवढी सवलत तरी मिळते.

दोन लंबकांचा प्रयोग

हे सारे संगणकावाचून करून पाहता येते. एक विजेरी घ्या. दोऱ्याला जड खडा बांधून दोन लंबक करा. एकाची लांबी १ मीटर आणि दुसऱ्याची २५ सेंटिमीटर. लंबकाचा आवर्तनकाल लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे १ मीटरचा लंबक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाण्यास सुमारे १ सेकंद घेतो आणि पाव मीटरचा सुमारे अर्धा सेकंद.

विजेरी लावलेली म्हणजे १ आणि विझवलेली म्हणजे ०. पाठवणाऱ्याने १ मीटरचा लंबक वापरून ६ हा अंक पाठवायचा. सहा म्हणजे ०११०. उलट क्रमानेही ते ०,१,१,० असेच राहते. एक सेकंद विझवा, हा आरंभ बिट. मग एकेक सेकंद विझलेली, लागलेली, लागलेली, विझलेली. शेवटी विजेरी लावून ठेवा. ऐकणाऱ्याकडेही १ मीटरचाच लंबक असेल, तर त्याला बरोबर ६ मिळेल.

आता ऐकणाऱ्याच्या हाती पाव मीटरचा लंबक द्या. तो दर अर्ध्या सेकंदाला विजेरीकडे पाहील. आरंभ बिटाचा दुसरा अर्धा भाग त्याला पहिला बिट वाटेल. त्याला क्रमाने ०,०,०,१ दिसेल आणि नंतर अंत बिटाच्या जागी १ सुद्धा दिसेल. हा आकडा झाला ८. त्याला वाटेल, सारे यथास्थित झाले! शेवटचा शून्य त्याला नवा आरंभ बिट वाटेल आणि तेथून तो १४ असा दुसराच आकडा वाचेल. पाठवला एक ६, मिळाले ८ आणि १४.

या प्रयोगात तार तुटली नाही, उपकरण बिघडले नाही. केवळ वेगाची जुळणी चुकली आणि तरीही पहिला आकडा अगदी खराखुरा दिसणारा निघाला. म्हणून आज्ञावली लिहिण्यापूर्वी उपकरणाच्या पुस्तिकेत चार गोष्टी शोधाव्या लागतात. वेग किती, एका अक्षरात बिट किती, समता बिट आहे की नाही आणि अंत बिट किती. यातील एकही अंदाजाने भरायची नाही.

लांबची तार आणि वीज

तारेवरचे ० आणि १ प्रत्यक्षात विद्युत्दाब असतात. १९६० च्या दशकात रूढ झालेल्या आरएस-२३२ या पद्धतीत उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे १ आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे ०. ही पद्धत साधी आहे, पण तार साधारणपणे १५ मीटरपर्यंतच चांगली चालते. नदीच्या पुलावरून किंवा कारखान्याच्या दुसऱ्या टोकाकडून तार आणायची तर ती पुरत नाही. शिवाय जवळ मोटर सुरू झाली किंवा वीज चमकली, तर तारेत नको असलेला दाब उत्पन्न होतो आणि ० चा १ होऊ शकतो.

यावर उपाय म्हणून १९८३ साली आरएस-४८५ हे मानक आले. त्यात एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा असतात. एका तारेचा दाब किती, हे ऐकणारा पाहतच नाही. तो दोन तारांमधील फरक पाहतो. समजा, पहिल्या तारेवर ३ व्होल्ट आणि दुसरीवर १ व्होल्ट आहे. फरक २ व्होल्ट. आता बाहेरून ४ व्होल्टचा धक्का आला. तारा पिळलेल्या असल्याने तो दोन्हींना जवळजवळ सारखाच बसतो. पहिलीवर ७ आणि दुसरीवर ५ व्होल्ट झाले. फरक २ व्होल्टच! होडीत बसलेल्या दोन माणसांचे असेच असते. पाणी कितीही चढले, तरी त्यांच्या डोक्यांच्या उंचीतील फरक बदलत नाही.

या युक्तीमुळे योग्य वेगाला ही तार १,२०० मीटरपर्यंत नेता येते आणि एकाच जोडतारेवर ३२ प्रमाणित उपकरणे बसवता येतात. अर्थात पिळलेली तार म्हणजे प्रत्यक्ष कोसळणाऱ्या विजेपासून रक्षण नव्हे. त्यासाठी वेगळी साधने लावावी लागतात.

एका वेळी एकानेच बोलावे

बत्तीस उपकरणे एकाच तारेवर एकदम बोलू लागली, तर काहीच कळणार नाही. वर्गात गुरुजी हजेरी कशी घेतात? एकेक क्रमांक पुकारतात. ज्याचा क्रमांक, त्यानेच ‘हजर’ म्हणायचे, इतरांनी गप्प बसायचे. उपकरणांची हजेरीही अशीच घेतात. मोडिकॉन या कंपनीने १९७९ साली तयार केलेली मॉडबस ही पद्धत याच तत्त्वावर चालते आणि ती आजही कारखान्यांत सर्रास वापरात आहे. प्रत्येक उपकरणाला १ ते २४७ मधील एक क्रमांक देतात. संगणक विचारतो, ‘क्रमांक ३, तुझ्या अमुक खान्यातील आकडा सांग.’ फक्त तिसरे उपकरण उत्तर देते. दोन उपकरणांना चुकून एकच क्रमांक दिला, तर दोघे एकदम उत्तर देतात आणि दोघांचेही उत्तर वाया जाते.

आकडा खरा कशावरून?

समजा, आपले काल्पनिक उपकरण पुढील ओळ पाठवते :

०३, ०४२७, १६

क्रमांक ३ चे उपकरण सांगते, की पातळी ४२७ सेंटिमीटर आहे. मग शेवटचा १६ कशाला? तो तपासणी अंक आहे. आधीच्या सर्व अंकांची बेरीज करा : ० + ३ + ० + ४ + २ + ७ = १६. वाटेत ७ चा ५ झाला, तर संगणकाने केलेली बेरीज १४ येईल आणि ओळ नापास होईल.

पण ४ आणि २ यांची अदलाबदल होऊन ०२४७ आले तर? बेरीज १६ च राहील आणि १८० सेंटिमीटरची चूक निमूटपणे वहीत शिरेल! म्हणून प्रत्येक अंकाला त्याच्या स्थानाने गुणून बेरीज करू. पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला २ ने, याप्रमाणे सहाव्याला ६ ने. खऱ्या ओळीची बेरीज ० + ६ + ० + १६ + १० + ४२ = ७४ येते. अदलाबदल झालेल्या ओळीची ० + ६ + ० + ८ + २० + ४२ = ७६. चूक पकडली गेली.

प्रत्येक अक्षरासोबत जाणारा समता बिट हीही अशीच एक तपासणी आहे. अक्षरातील १ ची संख्या सम राहील असा तो निवडतात. ‘४’ मध्ये तीन १ आहेत, म्हणून समता बिट १ ठेवायचा. एक बिट बदलला तर तो पकडतो, पण एकदम दोन बिट बदलले तर फसतो. मॉडबसच्या नेहमीच्या प्रकारात तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक संदेशाला १६ बिटांचा याहून पुष्कळ कडक तपासणी अंक जोडलेला असतो. त्यात संपूर्ण संदेश ही एक मोठी संख्या मानून विशिष्ट पद्धतीने भागाकार करतात आणि बाकी पाठवतात.

शून्य आणि ‘काही नाही’

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. उपकरणाने उत्तरच दिले नाही तर वहीत काय लिहावे?

पुढील नोंद पाहा. आकडे काल्पनिक आहेत. धोक्याची पातळी ४४० सेंटिमीटर धरली आहे.

वेळ ०२:१०, पातळी ४२७, ठीक
वेळ ०२:२०, पातळी ४३१, ठीक
वेळ ०२:३०, पातळी ४३४, ठीक
वेळ ०२:४०, पातळी कोरी, उत्तर नाही
वेळ ०२:५०, पातळी कोरी, तपासणीत नापास
वेळ ०३:००, पातळी ४४६, ठीक

ही प्रामाणिक वही आहे. पन्नास मिनिटांत पाणी १९ सेंटिमीटर चढले आणि मधल्या दोन वेळांची पातळी आपल्याला माहीत नव्हती, हे ती स्पष्ट सांगते.

काही आज्ञावल्या कोऱ्या जागी ० लिहितात. मग सहा आकड्यांची बेरीज १,७३८ आणि सरासरी सुमारे २९० सेंटिमीटर होते. खऱ्या चार आकड्यांची सरासरी ४३४.५ आहे. चढत्या नदीची पातळी कागदावर जवळजवळ दीड मीटर खाली गेली! दुसऱ्या काही आज्ञावल्या मागचाच आकडा पुन्हा लिहितात. मग ०२:३०, ०२:४० व ०२:५० या तिन्ही वेळी ४३४ दिसते. पाहणाऱ्याला वाटते, पाणी थांबले. हे तर शून्याहून घातक. शून्य पाहून निदान कोणाला शंका तरी येईल. ४३४ कडे कोण संशयाने पाहणार?

शिवाय उपकरणे कोणत्या वेळी गप्प बसतात, याचा विचार करा. वीज जाते, तार तुटते, पाणी खोक्यात शिरते ते बहुधा वादळपावसातच. म्हणजे ज्या वेळी नोंदीची सर्वांत जास्त गरज, त्याच वेळी ती चुकण्याचा संभव सर्वांत जास्त. म्हणून कोरी जागा ही स्वतःच एक बातमी आहे. ती लपवू नये.

जुन्या अभियंत्यांनी हे फार चांगले ओळखले होते. कारखान्यांतील अनेक उपकरणे आपला आकडा ४ ते २० मिलीअँपिअर या मर्यादेतील विद्युत्प्रवाहाच्या रूपाने पाठवतात. ० ते १० मीटर पातळीसाठी ४ म्हणजे ० मीटर, १२ म्हणजे ५ मीटर आणि २० म्हणजे १० मीटर. मोजणी ४ पासून का सुरू केली? कारण पातळी शून्य असली, तरी ४ मिलीअँपिअर प्रवाह वाहतच राहतो. प्रवाहच शून्य झाला, तर तार किंवा उपकरण यांत बिघाड झाला असे निश्चित समजते. याला ‘जिवंत शून्य’ म्हणतात.

रेल्वेचे जुने हाताचे सिग्नलही असेच. हात खाली झुकला म्हणजे गाडीने पुढे यावे आणि आडवा राहिला म्हणजे थांबावे. तो खाली ओढण्यासाठी तार खेचावी लागे. तार तुटली, तर प्रतिभाराने हात आपोआप आडवा होई आणि गाडी थांबे. बिघाड झालाच, तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, अशी ती रचना होती.

आज्ञावली कशी मांडावी?

आता आपण आज्ञावलीचा आराखडा करू. पायथॉनसारख्या सोप्या संगणकभाषेत ती पन्नास-साठ ओळींत बसते. आजच्या बहुतेक संगणकांना जुना सिरियल जोड नसतो. त्यामुळे यूएसबीच्या खाचेत बसणारे एक परिवर्तक लागते. ते आरएस-२३२ चे की आरएस-४८५ चे, हे उपकरण पाहून ठरवावे.

१. पुस्तिकेतील वेग, बिट, समता बिट आणि अंत बिट यांची माहिती देऊन जोड उघडा.

२. ठरलेल्या वेळी उपकरणाला त्याचा क्रमांक पुकारून प्रश्न विचारा.

३. उत्तराची वाट पाहा, पण मर्यादा घाला, समजा १ सेकंद. मर्यादा नसेल तर गप्प उपकरणासमोर संगणक जन्मभर ताटकळत बसेल आणि पुढच्या उपकरणांची हजेरीही राहील.

४. उत्तर आले तर तपासणी अंक पडताळा. नापास झाले तर आणखी दोनदा विचारा. तरीही नापास, तर तसे लिहा.

५. आकडा संभाव्य आहे का ते पाहा. पुलाच्या उंचीपेक्षा जास्त पातळी आली, तर ‘संशयास्पद’ असा शेरा मारा, पण आकडा खोडू नका.

६. तारीख, वेळ, उपकरणाचा क्रमांक, आकडा, एकक, शेरा आणि उपकरणाकडून आलेली मूळ ओळ जशीच्या तशी, एवढे एका ओळीत लिहा. पुढेमागे हिशेबाच्या सूत्रात चूक सापडली, तर मूळ ओळीवरून सर्व आकडे पुन्हा काढता येतात.

७. प्रत्येक ओळ लिहिताच ती चकतीवर पक्की उतरवा. ओळी स्मृतीत साठवून तासाने एकदम लिहिल्या आणि मध्येच वीज गेली, तर तासाभराची नोंद जाते.

८. दर दिवसाची वही वेगळी ठेवा आणि जुन्या वहीत फक्त शेवटी भर घाला. मागच्या ओळीवर लिहू नका.

९. पातळी धोक्याच्या वर गेली तर सूचना द्या. सलग काही वेळ उत्तर आले नाही, तरीही सूचना द्या.

जागेची काळजी करू नका. एका ओळीत ४० अक्षरे धरली आणि दर मिनिटाला एक ओळ लिहिली, तर दिवसाच्या १,४४० ओळी आणि ५७,६०० अक्षरे होतात. जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांची मिळून सुमारे ७० लाख अक्षरे, म्हणजे ७ मेगाबाइट. एखाद्या भ्रमणध्वनीवर काढलेली दोन-तीन छायाचित्रे तेवढीच जागा घेतात.

घड्याळ आणि हवामान

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. पहिली वेळ. संगणकातील स्फटिक घड्याळ दहा लाखांत वीस भाग चुकले, असे समजू. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ही चूक १.७ सेकंद होते, पण १२२ दिवसांत साडेतीन मिनिटे. वरच्या गावी पाणी कधी चढले आणि ते खालच्या पुलाशी कधी पोहोचले, हे दोन वह्यांवरून काढायचे असेल, तर दोन्ही घड्याळे जुळलेली हवीत. म्हणून घड्याळ नियमितपणे प्रमाण वेळेशी मिळवावे.

दुसरी गोष्ट तापमान. काही पातळीमापके पाण्याकडे ध्वनी सोडून प्रतिध्वनीचा वेळ मोजतात. ३० अंश सेल्सिअसला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर असतो. पाणी ८ मीटर खाली असेल, तर जाऊन येऊन १६ मीटर अंतराला सुमारे ०.०४६ सेकंद लागतो. पण हिशेबात कोणी २० अंशांचा वेग, ३४३ मीटर, धरून ठेवला असेल, तर ८ मीटरऐवजी ७.८६ मीटर उत्तर येईल. अंतर १४ सेंटिमीटर कमी, म्हणजे पाणी १४ सेंटिमीटर वर आहे असे वाटेल. म्हणून पातळीबरोबर तापमानाचीही नोंद हवी. तारेवरचा तपासणी अंक ही चूक पकडू शकत नाही. आकडा वाटेत बदलला नाही, एवढीच हमी तो देतो. तो मुळात बरोबर मोजला की नाही, हे भौतिकशास्त्र जाणणाऱ्या माणसाने पाहायचे असते. अधूनमधून पुलाच्या खांबावर रंगवलेल्या पट्टीशी उपकरणाचा आकडा ताडून पाहणे, हा त्यावरचा साधा आणि उत्तम उपाय.

शाळेतील प्रयोगवहीत एखादे वाचन घ्यायचे राहून गेले, की शेजारच्या दोन आकड्यांवरून ते भरण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो. आलेखही छान गुळगुळीत येतो! तेव्हा वीरजवळच्या पुलाची आठवण ठेवा. तेथे रात्रीच्या गाडीने जावे की थांबावे, हे ठरवणाऱ्या माणसाला गुळगुळीत आलेख नको असतो. त्याला काय मोजले गेले आणि काय मोजले गेले नाही, हे दोन्ही कळायला हवे.

करून पाहा

१. ‘७’ या अंकाचा संकेत ५५ आहे. आरंभ व अंत बिटांसह तारेवर जाणारे दहा बिट क्रमाने लिहा.

२. एक उपकरण ० ते १० मीटर पातळीसाठी ४ ते २० मिलीअँपिअर प्रवाह देते. प्रवाह १० मिलीअँपिअर असताना पातळी किती? प्रवाह २ मिलीअँपिअर दिसला तर काय समजाल?

३. ‘०५, ०३६१’ या ओळीचा स्थानाने गुणून येणारा तपासणी अंक काढा.

४. एक डबा आणि मोजपट्टी यांच्या साहाय्याने आठवडाभर रोज सकाळी आठ वाजता पाऊस मोजा. एखाद्या दिवशी राहून गेले तर ती जागा कोरी ठेवून कारण लिहा.

उत्तरे : (१) ०,१,१,१,०,१,१,०,०,१. (२) ३.७५ मीटर. २ मिलीअँपिअर हा आकडा मर्यादेबाहेरचा आहे, म्हणून तार किंवा उपकरण यांत बिघाड. (३) ० + १० + ० + १२ + ३० + ६ = ५८.